हिरव्या बाटलीतील झरा

फ्रान्सच्या दक्षिणेस, नीम आणि माँपेलिये या दोन शहरांच्या दरम्यान वेर्जेझ नावाचे एक लहानसे गाव आहे. द्राक्षमळ्यांच्या या मुलखातील एक झरा पूर्वापार लोकांच्या कुतूहलाचा विषय होता. त्याचे पाणी थंड. परंतु चुलीवर ठेवलेल्या आधणाप्रमाणे त्यातून अखंड बुडबुडे उठत. म्हणून लोकांनी त्या जागेला ‘ले बुयां’, म्हणजे उकळत्या पाण्याची जागा, असे नाव दिले. आज जगभर ‘पेरिये’ या नावाने विकले जाणारे पाणी ते हेच.

या बुडबुड्यांचे कारण भूगर्भात आहे. आसपासच्या टेकड्यांवर पडणारे पावसाचे पाणी चुनखडीच्या खडकांतून झिरपत खाली उतरते आणि वाटेत त्यांतील क्षार आपल्यात सामावून घेते. दुसरीकडे, त्याहून खोल असलेल्या थरांतून कार्बन डायऑक्साइड वायू खडकांच्या भेगांवाटे वर चढतो आणि पाण्यात मिसळतो. या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे १५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४००हून अधिक मिलिग्रॅम बायकार्बोनेट आढळते. सोडियमचे प्रमाण मात्र अत्यल्प असते. त्यामुळे ते जिभेला खारट न लागता ताजेतवाने वाटते.

सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, १८६३ मध्ये, या झऱ्याला खनिज पाणी म्हणून शासकीय मान्यता मिळाली. १८९८ मध्ये नीम येथील डॉक्टर लुई पेरिये यांनी तो विकत घेतला. त्यांच्यापाशी ज्ञान होते, भांडवल नव्हते. ते पुरविले सेंट जॉन हार्म्सवर्थ या तरुण इंग्रजाने. ‘डेली मेल’ या वृत्तपत्राचे संस्थापक अल्फ्रेड हार्म्सवर्थ यांचा हा धाकटा भाऊ. १९०३ मध्ये झरा ताब्यात येताच त्याने तेथील स्नानगृहे बंद केली, सारे लक्ष बाटलीबंद पाण्यावर केंद्रित केले आणि डॉक्टरांचे नाव मात्र कायम ठेवले.

पुढे एका मोटार अपघाताने हार्म्सवर्थ पंगू झाला. हातांचे बळ टिकविण्यासाठी तो मुद्गल फिरवीत असे. आपल्याकडील तालमींतून इंग्रजांनी उचललेला हा व्यायाम त्या काळी विलायतेत लोकप्रिय होता. त्या मुद्गलांच्या आकारावरूनच पेरियेची फुगीर बुडाची हिरवी बाटली सुचली, असे सांगितले जाते. म्हणजे फ्रेंच झरा, इंग्रज भांडवल आणि भारतीय तालमीतील साधन अशा तीन गोष्टी या एका बाटलीत एकत्र आल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमधील शेअरदलाल गुस्ताव लेवेन यांनी हा व्यवसाय हाती घेतला आणि त्याला नवे चैतन्य दिले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील श्रीमंतांच्या मेजवान्यांत मद्याच्या पेल्याऐवजी ही हिरवी बाटली दिसू लागली. तिचे सारे मोल एकाच शब्दात साठविलेले होते : ‘नैसर्गिक’.

या शब्दाची पहिली कठोर परीक्षा फेब्रुवारी १९९० मध्ये झाली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एक शासकीय प्रयोगशाळा आपल्या चाचण्यांत शुद्ध पाण्याचा नमुना म्हणून पेरियेच वापरीत असे. त्याच पाण्यात बेन्झीन या घातक रसायनाचा अंश सापडला. प्रमाण अतिशय अल्प होते, परंतु कायदेशीर मर्यादेहून जास्त. कंपनीने प्रथम दोष केवळ अमेरिकेसाठी भरलेल्या बाटल्यांपुरता असल्याचे सांगितले. लवकरच युरोपातील बाटल्यांतही तोच अंश आढळला. भूगर्भातून येणाऱ्या वायूत बेन्झीन स्वभावतःच असते आणि ते शोषून घेणारे कोळशाचे गाळण वेळेवर बदलले गेले नव्हते, हे तेव्हा उघड झाले. जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत मागविण्यात आल्या. पाणी आणि वायू जमिनीतून वेगवेगळे काढून कारखान्यात एकत्र केले जातात, हेही ग्राहकांना त्याच वेळी कळले. दोन वर्षांनी, १९९२ मध्ये, हा व्यवसाय नेस्ले कंपनीकडे गेला.

दुसरी परीक्षा अगदी अलीकडची. युरोपातील कायद्यानुसार ‘नैसर्गिक खनिज पाणी’ उगमापाशीच शुद्ध असावे लागते. लोह किंवा गंधक वेगळे करण्यासारख्या मोजक्या प्रक्रियांना मुभा असली, तरी पाणी निर्जंतुक करण्यास सक्त मनाई आहे. असे असताना, जानेवारी २०२४ मध्ये फ्रेंच पत्रकारांच्या शोधकार्यानंतर, आपल्या काही खनिज पाण्यांवर अतिनील किरण आणि सक्रिय कोळशाचे गाळण वापरल्याची कबुली नेस्लेने दिली. पेरिये हे त्यांपैकी एक. त्याच वर्षी वेर्जेझ येथील एका विहिरीत दूषित जिवाणू आढळल्याने सुमारे २० लाख बाटल्या नष्ट कराव्या लागल्या. फ्रेंच सिनेटच्या चौकशी समितीने मे २०२५ मधील अहवालात कंपनीबरोबरच ही बाब झाकून ठेवणाऱ्या शासनावरही ठपका ठेवला.

पाणी गाळून पिण्याचा संस्कार ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांना या कायद्याचे नवल वाटेल. पाणी गाळणे हा अपराध कसा? खरे तर अपराध गाळण्यात नाहीच. गाळलेले पाणी ‘न गाळलेले’ म्हणून, त्या नावाच्या चढ्या भावाने विकण्यात तो आहे. पिणाऱ्याचे आरोग्य जपण्यासाठी हे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. ते मान्य केले, तरी एक प्रश्न उरतोच : मग बाटलीवर तसे का लिहिले नाही? तसे लिहिले असते, तर ‘नैसर्गिक खनिज पाणी’ हे नाव सोडावे लागले असते आणि नावाबरोबर भावही गेला असता.

हा भेद आपल्या बाजारपेठेलाही परका नाही. भारतीय मानक ब्युरोने नैसर्गिक खनिज पाण्यासाठी आयएस १३४२८ आणि पॅकबंद पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १४५४३ अशी दोन स्वतंत्र मानके ठरविली आहेत. पहिले उगमाचे पाणी, दुसरे प्रक्रिया करून पिण्यायोग्य केलेले. दुसरे काही कमी प्रतीचे असते असे नाही. परंतु दोन्ही एक नव्हेत. लग्नकार्यात असो वा दुकानाच्या फळीवर, आपण दोहोंना सरसकट ‘मिनरल वॉटर’ म्हणतो. मागणारा अजाणतेपणी तसे म्हणत असेल. देणाऱ्याला मात्र बाटलीवरील अक्षरे वाचता येतात.

वेर्जेझच्या भूमीतून पाणी आणि वायू आजही वर येतात. त्यांना स्वतःविषयी काही सांगायचे नसते. सांगतो तो विकणारा. झऱ्याला नाव देणारे डॉक्टर आणि ते नाव जगभर नेणारा व्यापारी, दोघेही केव्हाच काळाआड गेले. त्यांनी मागे ठेवलेली खरी मालमत्ता कारखाना किंवा बाटली नव्हती. ती ग्राहकाचा विश्वास होती. झरा आटला तर शेजारी दुसरी विहीर खणता येते. विश्वासाच्या बाबतीत ती सोय नाही.