हृदयेतर छातीदुखी (आयुर्वेद)

हृदयेतर छातीदुखी म्हणजे हृदयाच्या तपासण्या सामान्य असूनही छातीत वारंवार होणारी वेदना, जळजळ, दडपण किंवा धडधड. या नावाचा स्वतंत्र व्याधी आयुर्वेदाच्या संहितांत नाही. ही लक्षणे हृद्रोग, अम्लपित्त, पार्श्वशूल आणि उदावर्त या व्याधींत विभागून आढळतात.

संहितांतील वर्णन

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या १७व्या व चिकित्सास्थानाच्या २६व्या अध्यायात, तर सुश्रुतसंहितेत उत्तरतंत्राच्या ४३व्या अध्यायात हृद्रोगाचे विवेचन आहे. वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज असे त्याचे पाच प्रकार मानले जातात. वातज प्रकारात शोक, उपवास, अतिश्रम व रूक्ष आहार ही कारणे दिली असून कंप, आवळल्यासारखी वेदना व शून्यता ही लक्षणे सांगितली आहेत. पित्तज प्रकारात दाह व आंबट-कडू ढेकर, तर कफज प्रकारात जडपणा व अरुची आढळते.

अम्लपित्ताला माधवनिदानात स्वतंत्र अध्याय असून छाती व घशातील दाह हे त्याचे प्रमुख लक्षण आहे. आधुनिक वैद्यकातही अन्ननलिकेत आम्ल उलट येणे हे हृदयेतर छातीदुखीचे सर्वांत सामान्य कारण समजले जाते. बरगड्यांच्या कूर्चेचा दाह, स्नायूंचा ताण आणि भीतीचे झटके ही इतर कारणे होत.

निदान

वैद्य वेदनेचा जेवणाशी, श्रमाशी, हालचालीशी व मनःस्थितीशी असलेला संबंध विचारतो. जेवणानंतर आडवे होताच वाढणारी जळजळ अम्लपित्ताकडे, तर बोटाने दाबल्यावर दुखणारी जागा छातीच्या भिंतीकडे निर्देश करते.

व्यवसायाची माहितीही महत्त्वाची असते. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत आहे. जगभरातील स्फोटक उद्योगांत नायट्रोग्लिसरिन हाताळणाऱ्या कामगारांना सुटीच्या दिवसांत, म्हणजे त्या पदार्थाचा संपर्क तुटल्यावर, छातीत दुखल्याचे प्रकार विसाव्या शतकात नोंदवले गेले. त्यांपैकी काहींच्या हृदयधमन्यांत अडथळा आढळला नव्हता. ही वेदना मात्र धमन्यांच्या आकुंचनामुळे, म्हणजे हृदयातूनच उद्भवते. त्यामुळे एका सामान्य अहवालावरून हृदयविकार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

उपचार

निदानपरिवर्जन, म्हणजे कारण टाळणे, हा पहिला उपाय होय. अम्लपित्तात तिखट, आंबट व तळलेले पदार्थ, रात्रीचे उशिरा जेवण, जागरण आणि तंबाखू वर्ज्य सांगतात. औषधांत आवळा, शतावरी व ज्येष्ठमध यांचा, तसेच निशोत्तर असलेल्या अविपत्तिकर चूर्णाचा उपयोग केला जातो. वातप्रधान अवस्थेत स्नेहन, स्वेदन व हिंग्वष्टक चूर्ण, तर पार्श्वशूलात पुष्करमूळ योजतात.

अर्जुनाची साल दूध, तूप किंवा गूळपाण्यासह हृद्रोगात देण्याचा प्रयोग चक्रदत्तात आहे. भंडारा परिसरात अर्जुन व ऐन या झाडांवर कोशाचे किडे पाळले जातात, त्यामुळे हा वृक्ष स्थानिकांच्या परिचयाचा आहे. अर्जुनावरील आधुनिक चाचण्या लहान असून त्यांतील काही प्रमुख चाचण्या हृदयशूलाच्या रुग्णांवर झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष हृदयेतर वेदनेला लागू होत नाहीत.

सुरक्षितता

ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. सूतशेखर रसात पारा व बचनाग असतो. अशुद्ध किंवा अतिमात्रेतील बचनाग हृदयाची लय बिघडवतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ई-१ परिशिष्टात हे दोन्ही विषारी द्रव्यांमध्ये असल्याने असे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे लागतात. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचा परिणाम कमी होऊ शकतो.

श्रमाने वाढणारी, हात, जबडा किंवा पाठीकडे सरकणारी, घाम, धाप वा भोवळ यांसह येणारी वेदना ही तातडीची अवस्था मानली जाते. पूर्वीचे अहवाल सामान्य असले तरी अशा वेळी घरगुती औषधात वेळ न दवडता पुन्हा तपासणी आवश्यक असते. महाराष्ट्रात यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.