सागरावरील विसाव्याचा दिवस

सातारा जिल्ह्याचे समुद्राशी नाते तसे दूरचेच आहे. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा अरबी समुद्रापासून अवघ्या ६४ किलोमीटरवर जन्म घेते; परंतु सह्याद्रीकडे पाठ फिरवून ती पूर्वेची वाट धरते आणि सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळते. कृष्णेच्या खोऱ्यातील रहिमतपूरसारख्या गावी पुष्कळांच्या दृष्टीने समुद्र म्हणजे मुंबईस गेल्यावर चौपाटीवरून पाहिलेले पाणी. आता मात्र मुंबई बंदरातून निघणाऱ्या पर्यटक जहाजांच्या जाहिराती घाटमाथ्यावरील गावांतही पोचू लागल्या आहेत. कोणी निवृत्तीनंतर अशा सफरीचा बेत करतो, तर कोणाचा मुलगा त्याच जहाजावर नोकरी शोधतो. म्हणूनच या सफरीतील एका दिवसाचे स्वरूप समजून घेणे उपयुक्त ठरेल.

गरजेचा प्रवास आणि हौसेची सफर

महाराष्ट्राला आगबोटीचा प्रवास नवा नाही. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांवरून कोकणचा माणूस अनेक दशके बोटीनेच मुंबईस ये-जा करीत असे. बऱ्याच ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून काठावर येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. बॅलार्ड पिअरवरून विलायतेस जाणाऱ्या बोटी सुटत. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीनेच गेले होते. त्या काळी बोट हे इष्ट स्थळी पोचण्याचे साधन होते. विमाने आणि चांगले रस्ते आले, १९९८ साली कोकण रेल्वेही पूर्ण झाली. उतारूंची जुनी बोट त्यापूर्वीच मागे पडली होती.

आजची सफर निराळी आहे. येथे प्रवास हाच हेतू असतो. सुमारे १८०० प्रवाशांची सोय असलेले ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करू लागले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मुंबईतूनच ‘क्रूझ भारत मिशन’चा प्रारंभ केला, तर सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय प्रवासी टर्मिनलचे उद्घाटन झाले.

बंदर नसलेला दिवस

लांबच्या सफरीत काही दिवस जहाज कोणत्याही बंदरास लागत नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चहूकडे पाणी असते. अनुभवी प्रवासी याच दिवसाला सर्वांत निवांत मानतात. उतरण्याची घाई नसते, स्थळे पाहण्याची धावपळ नसते. डेकवरील खुर्चीत बसावे, वाचावे, पत्ते मांडावेत, उडणाऱ्या माशांची झेप किंवा दैव अनुकूल असल्यास डॉल्फिनचा कळप पाहावा, एवढेच काम.

जहाजाची ही वाटचाल नकाशावर पाहणे मनोरंजक आहे. सागरी मैल १८५२ मीटरचा असतो. तासाला एक सागरी मैल या वेगास एक ‘नॉट’ म्हणतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. समजा, एक जहाज सायंकाळी सात वाजता मुंबईहून लक्षद्वीपकडे १६ नॉट वेगाने निघाले. मध्यरात्रीच्या सुमारास ते दाभोळसमोर येईल. दाभोळ आणि रहिमतपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. म्हणजे प्रवासी झोपेत असताना जहाज आपल्या गावाच्या बरोबर पश्चिमेला असेल. मध्ये फक्त सह्याद्री आणि कोकणपट्टी. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ते कारवार मागे टाकून दक्षिणेस गेलेले असेल आणि चोवीस तास पुरे होताना सुमारे ३८४ सागरी मैल, म्हणजे ७०० किलोमीटरहून अधिक अंतर तोडून मंगळूरच्याही खाली पोचलेले असेल. भूगोलाच्या शिक्षकांना अक्षांशाचा धडा शिकविण्यास हे उदाहरण सहज वापरता येईल.

रेखांशाचाही अनुभव बोटीवर येतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे पश्चिमेस दूर जाणाऱ्या जहाजावर घड्याळे टप्प्याटप्प्याने मागे घेतात, पूर्वेस जाणाऱ्यावर पुढे करतात. लक्षद्वीपच्या सफरीत मात्र भारतीय प्रमाणवेळच कायम राहते.

विसाव्यामागील पाळी

प्रवाशांना जो दिवस रिकामा वाटतो, तो जहाजावर कोणासाठीही रिकामा नसतो. सुकाणूघरात आणि इंजिनघरात अहोरात्र पहारा असतो. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा अशा पाळ्या पडतात. चार तास काम आणि आठ तास सुट्टी, दिवसातून दोन वेळा, ही जुनी पद्धत अनेक जहाजांवर आजही चालते. रडार आणि उपग्रह यांची जोड असली तरी डोळ्यांनी समुद्र न्याहाळण्याचे काम टळलेले नाही. मासेमारी करणारी लहान होडी रडारवर निसटू शकते. पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटून चालत नाही.

समुद्रात पाण्याला तोटा नसला तरी पिण्याचे पाणी तयार करावे लागते. खारे पाणी तापवून त्याची वाफ थंड करणे किंवा दाबाखाली सूक्ष्म पडद्यातून गाळणे, अशा दोन रीतींनी जहाजावरील यंत्रे गोडे पाणी मिळवितात. सांडपाणी आणि कचरा यांनाही आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत. प्लॅस्टिक समुद्रात कोठेही टाकता येत नाही. ज्या ग्रामपंचायतींपुढे पाणीपुरवठा व कचरा हे नित्याचे प्रश्न आहेत, त्यांना हे तरंगते गाव परिचयाचे वाटेल. फरक एवढाच की, येथे टँकर मागविण्याची किंवा कचरा वेशीबाहेर लोटण्याची सोय नाही.

बोट लागणे

घाटमाथ्यावरील माणसास पहिली धास्ती असते ती बोट लागण्याची. डोळ्यांना केबिनच्या भिंती स्थिर दिसतात, पण अंतर्कर्णातील तोलाचे इंद्रिय हालचाल नोंदविते. या दोन साक्षींचा मेळ न बसल्याने मळमळ सुरू होते. अशा वेळी उघड्या हवेत येऊन क्षितिजावर दृष्टी ठेवावी. खोली निवडता आल्यास जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरची घ्यावी, कारण तेथे हेलकावा कमी असतो. पोट रिकामे ठेवू नये, तसेच तुडुंब भरूही नये. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंस पंखासारखे भाग असतात. त्यांनी डोलणे पुष्कळ कमी होते.

निर्धास्तपणाची किंमत

समुद्रावरील निर्धास्तपणा मोठी किंमत देऊन मिळाला आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर १९१४ मध्ये सागरी जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक उतारूंना जलसमाधी मिळाली. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ला अपघात झाला, तेव्हा काही प्रवाशांची कवायत व्हावयाची राहिली होती. त्यानंतर नियम कडक करण्यात आला. २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले.

सात लहान आणि एक लांब भोंगा हा संकटाचा इशारा होय. तो ऐकू येताच कोठे जमावयाचे, जीवरक्षक जॅकेट कसे बांधावयाचे, आपली जीवरक्षक नौका कोणती, हे पहिल्याच दिवशी दाखविले जाते. पुष्कळजण हा कार्यक्रम कंटाळवाणा समजून टाळू पाहतात. वस्तुतः पुढील दिवसांचा विसावा याच अर्ध्या तासावर उभा असतो.

बोटीवरची नोकरी

प्रवाशांच्या चहापासून इंजिनाच्या देखभालीपर्यंत या जहाजांवर शेकडो कर्मचारी राबत असतात. ग्रामीण भागातील तरुणांना त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र याच वाटेवर फसवणुकीचेही भय आहे. नाविकांच्या श्रमांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली मान्य केला. त्यानुसार नाविकास चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. तसेच नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून मोबदला घेता येत नाही. पारपत्र, नाविक पुस्तिका व वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा त्याच्याकडे येऊ शकतो. भरती करणाऱ्या संस्थेस केंद्र शासनाच्या नौवहन प्रशासनाचा परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक पडताळून पाहता येतो.

तेव्हा ‘बोटीवर लावतो’ म्हणून कोणी लाखाची मागणी करीत असेल, तर जमीन गहाण टाकण्यापूर्वी त्या कुटुंबास हा नियम कोणीतरी सांगावयास हवा. गावात हे काम शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याइतके चांगले दुसरे कोण करू शकेल? परवाना क्रमांक विचारणे, करारपत्र वाचून दाखविणे, प्रशिक्षण संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही याची चौकशी करणे, एवढ्यानेही एखादे घर कर्जातून वाचू शकते.

सागरावरील निवांत दिवस हा अशा रीतीने अनेकांच्या जागरणाने घडतो. प्रवाशाने तो मनमुराद उपभोगावा, कवायतीस वेळेवर हजर राहावे आणि पहाऱ्यावरील माणसाची आठवण ठेवावी. उद्या त्या पहाऱ्यावर कृष्णाकाठचा एखादा तरुण उभा असेल, तर तो कर्जाच्या ओझ्याखाली नव्हे, तर रीतसर मार्गाने आणि आपल्या हक्कांची माहिती घेऊन तेथे पोचलेला असावा. त्याची तयारी समुद्रापासून दूर, गावच्या शाळेत आणि पंचायतीच्या कचेरीतच व्हावयास हवी.