दाताच्या डॉक्टरकडे आपण केव्हा जातो?

ताप आला की आपण दोन दिवसांत दवाखाना गाठतो. दाताचे तसे होत नाही. दाढ किडलेली आरशात दिसते, थंड पाण्याने कळ येते, तरी आपण दिवस ढकलतो. लवंग धरतो, दुसऱ्या बाजूने चावतो. अखेर रात्रीची झोप उडाली म्हणजे दवाखान्याची वाट धरतो. काहीजण लग्न ठरले किंवा मुलाखत आली म्हणून जातात.

हा उशीर निव्वळ आळसाने होत नाही. रोजंदारीवरील माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. खर्चाची धास्ती, सुईची भीती असते. शिवाय वरची दाढ काढल्याने डोळे अधू होतात, दात साफ केल्याने ते हलू लागतात, असे आपण ऐकत आलो आहोत. दोन्हींत तथ्य नाही. उलट, साचलेल्या कीटणामुळे हिरड्या व हाड झिजते, म्हणून दात हलतात.

परंतु उशिराचे मोठे कारण दाताच्या रचनेतच आहे. दाताच्या बाहेरील कठीण कवचात नसा नसतात. कीड तेथे असेपर्यंत काहीच दुखत नाही. आतल्या थरात गेली की थंड, गोड झोंबते. नसेपर्यंत पोचली की ठणका लागतो व आडवे झाल्यावर वाढतो. सुरुवातीला दात भरून भागते. शेवटी रूट कॅनाल करणे किंवा दात काढणे एवढेच उरते. कधी ठणका आपोआप थांबतो. आपण बरे झालो असे समजतो, पण पुष्कळदा आतली नस मेलेली असते आणि मुळाशी पू धरत असतो. सारांश, दुखण्याची वाट पाहणे हाच खरा महागाचा मार्ग आहे.

म्हणून दुखत नसतानाही पुढील गोष्टी दाखवाव्यात. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांना मागे पहिली कायमची दाढ येते. त्यासाठी दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात. ती गेली की पुन्हा येत नाही. तंबाखू, गुटखा, मशेरीची सवय असणाऱ्यांनी तोंडातील पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे याकडे दुर्लक्ष करू नये. ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे अध्यापकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात उपचार होतात. आपल्या विद्यार्थ्यांनी ही माहिती घरोघर सांगावी आणि वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन जावे. पुष्कळांचे पाऊल केवळ सोबतीअभावी अडलेले असते.