घुणाक्षरांचें वाचन

लांकूड पोखरतां पोखरतां घुणाकडून एखादें अक्षर उमटावें आणि त्यांत त्याचें कर्तृत्व मुळींच नसावें, ह्या यदृच्छेस आपल्या शास्त्रकारांनीं घुणाक्षरन्याय म्हटलें. न्याय म्हणून तो निर्दोष आहे. परंतु घुणावर त्यांत थोडा अन्याय झाला आहे, असें आम्हांस वाटतें. किड्यास लिहितां येत नाहीं हें खरें. पण त्यानें कोरलेलें आपणांस वाचतां येत नाहीं, असें मात्र नाहीं.

झाडांची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचें एक मोठें कुळ आहे. तांदळांत पडणारे सोंडे हे त्यांचे भाऊबंद. बहुतेक भुंगेरे तांदळाच्या दाण्याहूनहि लहान असतात. त्यांच्या सुमारें ६,००० जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. युरोपांतील स्प्रूस वृक्षावरील जातीस लिनियसनें १७५८ सालीं 'टायपोग्राफस', म्हणजे मुद्रक, असें नांव दिलें. सालीचा तुकडा उलटून पाहिला कीं तें नांव पटतें. ह्या जातींत नर प्रथम सालीखालीं लहानशी खोली कोरतो व गंधानें माद्यांस बोलावतो. बहुधा दोन-तीन येतात. प्रत्येक मादी तेथून खोडाच्या उभ्या दिशेनें आपला स्वतंत्र बोगदा नेते आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खांचांत एकेक अंडें ठेवते. अळ्या आईच्या वाटेस काटकोन करून आडव्या खात जातात. अळी वाढते तशी वाटहि रुंदावते. म्हणून उभी रेघ आईची, आडव्या रेघा लेंकरांच्या, मध्येंच तुटलेली रेघ अकालीं मेलेल्या अळीची, आणि टोकाचें वाटोळें छिद्र पंख फुटून उडून गेलेल्याचें. एका कुटुंबाची वंशावळच ती! जातीजातीचें वळण निराळें असतें, व जाणता मनुष्य किडा न पाहतांहि केवळ ह्या अक्षरावरून पुष्कळदां जात ओळखतो.

ह्या कुळाच्या कांहीं शाखा साल सोडून थेट लांकडांत शिरल्या. लांकडांत सत्त्व थोडें. म्हणून हे भुंगेरे अंगावरील खळग्यांत बुरशीचें बियाणें घेऊन येतात, बोगद्याच्या भिंतींवर तिची शेती करतात आणि तीच खातात. ही शेती एकदांच साधली असती, तर तिला आम्हीहि घुणाक्षर म्हटलें असतें. परंतु वंशवृक्ष जुळवून पाहणाऱ्यांस असें आढळलें कीं, ती ह्या कुळांत स्वतंत्रपणें निदान दहा वेळां उद्भवली.

अशाच शेतकऱ्यांपैकीं 'झायलेबोरस ग्लॅब्रेटस' हा १८७७ सालीं शास्त्रांत नोंदला गेला. भारतापासून जपानपर्यंत त्याची वस्ती आहे. येथें तो फारसा उपद्रव देत नाहीं, म्हणून त्याच्याकडे निरखून पाहण्यास कोणास सवड झाली नाहीं. २००२ सालीं तो अमेरिकेंत, जॉर्जियांतील पोर्ट वेंटवर्थ येथें, सांपळ्यांत सांपडला. मालाच्या लांकडी खोक्यांतून तो गेला असावा. त्यास एकच मादी पुरते. नर न भेटतांहि ती पुत्र प्रसवते आणि पुढें त्याच्याशींच वंश वाढविते. (स्मृतिकारांनीं ह्यास कोणतें प्रायश्चित्त सांगितलें असतें, नकळे!) तिकडे तमालपत्र व दालचिनी यांच्या कुळांतील रेडबे नांवाचा वृक्ष आहे. भुंगेऱ्याबरोबर आलेल्या बुरशीचा प्रतिकार करतां करतां तो आपल्याच रसवाहिन्या बंद करून घेतो व वाळून जातो. त्या बुरशीस शास्त्रीय नांव मिळालें तें २००८ सालीं, म्हणजे तिच्या वाहकाच्या नामकरणानंतर १३१ वर्षांनीं. २०१७ सालच्या एका अंदाजाप्रमाणें तोंवर सुमारें ३० कोटी रेडबे मेले होते. अॅव्होकॅडो हें त्याच कुळांतील फळझाड; फ्लोरिडांतील त्याच्या बागांतहि आतां ही मर शिरली आहे.