सहा कुप्या शिल्लक

सिद्धेश्वर हे माझे आजोळ. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले हे धरण मी लहानपणापासून पाहत आलो. भिंतीवर उभे राहिले की समोर पाणी दिसायचे आणि आजोबा ते 'आपले पाणी' म्हणायचे. धरण म्हणजे एक गोदामच असते, हे लक्षात यायला मात्र पुण्याजवळच्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या साठ्याचे नियोजन करण्यात वीस वर्षे घालवावी लागली.

पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी, खालच्या अंगाला सिद्धेश्वर. दोन्ही धरणे १९६८ मध्ये पूर्ण झाली. येलदरीचा जिवंत साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, सिद्धेश्वरचा सुमारे ८१. म्हणजे बरोबर दहावा हिस्सा. येलदरीच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर आहे. तिथल्या चक्क्या फिरवून पाणी नदीत पडते, वाहत सिद्धेश्वरला येते, तिथे अडते आणि मग कालव्याने वसमत-परभणीकडच्या शिवारात जाते. एकाच नदीवर एका मोठ्या धरणाच्या खाली हे धाकटे धरण कशासाठी, असा प्रश्न मला शाळेत असताना पडला होता. उत्तर सोपे आहे. विजेची वेळ आणि पिकाची वेळ एक नसते. वीजघराने आज पाणी सोडले म्हणून गव्हाला आजच तहान लागत नाही. मध्ये छोटा साठा असला की वरचा आपल्या घड्याळाने चालतो, खालचा आपल्या.

साठा नियोजनाच्या आजच्या भाषेत याला 'डीकपलिंग' म्हणतात. दोन टप्प्यांची गाठ सोडवायची आणि त्या जागी मोजका साठा ठेवायचा. कॅरल टॅक आणि चॅड स्मिथ यांनी २०११ मध्ये ही कल्पना मध्यभागी ठेवून मागणीवर चालणारी नियोजन पद्धत मांडली आणि आज मोठमोठे कारखाने ती वापरतात. पूर्णा प्रकल्पाच्या अभियंत्यांनी ती त्याआधी चार दशके दगड-मातीत बांधून ठेवली होती, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

या शास्त्राची सुरुवात मात्र वेगळ्या प्रश्नाने झाली. १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने विचारले, की एका वेळी किती माल मागवावा? वरचेवर मागवला तर मागवण्याचा खर्च वाढतो, एकदम मागवला तर सांभाळण्याचा. दोन्हींची बेरीज कमीत कमी कुठे होते याचे त्याचे सूत्र आजही व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्गात शिकवतात. सूत्र चोख आहे, पण त्यात गोदाम एकच आहे आणि मागणी रोज सारखी आहे. किराणा दुकानातल्या साखरेला ते लागू पडते. कारखाना, मध्यवर्ती कोठार, जिल्ह्याचे कोठार आणि शेवटचे कपाट अशी साखळी झाली, की 'किती' या प्रश्नाआधी 'कुठे' हा प्रश्न येतो.

साखळीत आणखी एक भानगड असते. आसूड हातात धरून मनगट जरासे हलवले तरी टोक कडाडते. शेवटच्या गिऱ्हाइकाची मागणी थोडीशी वाढली, की प्रत्येक वरचा टप्पा घाबरून थोडे जास्त मागवतो आणि उगमापाशी ती वाढ प्रचंड होऊन पोचते. जे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्ये हे दाखवले. हाउ ली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची चार कारणे मांडली. त्यातले एक म्हणजे टंचाईतली खोटी मागणी. माल अपुरा मिळणार असे कळले, की माणूस गरजेपेक्षा जास्त मागतो आणि चार ठिकाणी मागतो. एप्रिल २०२१ मधले रेमडेसिव्हिर आठवा. एकाच रुग्णासाठी घरातले चारजण चार शहरांत चिठ्ठी घेऊन उभे होते. तेव्हा रुग्ण खरोखर वाढले होते, पण रांगेतल्या सगळ्या चिठ्ठ्या खऱ्या रुग्णांच्या नव्हत्या.

हे सगळे मला कारखान्यापुरते माहीत होते. तीन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या मामांना हळदीत खुरपताना घोणस चावली. दिवस मावळला होता. पोरांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथे सर्पदंशाचे इंजेक्शन होते. शिल्लक होत्या सहा कुप्या. उपचाराची सुरुवातच साधारण दहा कुप्यांनी करायची असते. साप माणूस पाहून विष सोडत नाही, म्हणून लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते. तिथल्या डॉक्टरांनी प्राथमिक उपचार करून त्यांना १०८च्या गाडीने पुढे पाठवले. नांदेडला पोचेपर्यंत रात्र झाली. मामा वाचले, पण घोणसीच्या विषाने मूत्रपिंडे धरली आणि तीन आठवडे डायलिसिस करावे लागले. मी नंतर त्या दवाखान्यात गेलो तेव्हा तिथल्या माणसाने मला नोंदवही उघडून दाखवली आणि म्हणाला, "साहेब, साठा निरंक कधीच नव्हता." त्याचे म्हणणे खरे होते.

ते 'सहा' माझ्या डोक्यातून जाईना. मग मी कागद घेऊन बसलो.

आधी ही कुपी येते कुठून ते पाहू. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकच मिश्र प्रतिविष बनते. त्यासाठीचे बरेचसे विष तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींची सहकारी संस्था पुरवते. ती १९७८ पासून साप पकडून, विष काढून त्यांना परत रानात सोडते. ते विष अगदी थोड्या, पण वाढत्या मात्रेने घोड्यांना टोचतात, काही महिन्यांनी त्यांच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडे वेगळी करतात आणि बहुधा गोठवून वाळवलेल्या भुकटीच्या रूपात कुपीत भरतात. आपल्या राज्यात हाफकिनचे नाव या कामासाठी पूर्वीपासून घेतले जाते. म्हणजे आज मागणी वाढली म्हणून उद्या उत्पादन वाढत नाही. साखळीचे एक टोक चेन्नईजवळच्या रानात, दुसरे आमच्या हळदीच्या वावरात, आणि मध्ये घोडे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने यावर राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्याचे उद्दिष्ट आहे.

आता कागदावरचे गणित. हे आकडे मी धरलेले आहेत, कुठल्या एका दवाखान्याचे नाहीत. समजा एका आरोग्य केंद्रात वर्षाला प्रतिविष लागणारे सहा रुग्ण येतात. प्रत्येकी दहा कुप्या, म्हणजे वर्षाला साठ, महिन्याला सरासरी पाच. लसीकरणाच्या कामात एक महिन्याची गरज आणि वर पाव हिस्सा राखीव, असा साठा ठेवण्याची पद्धत आहे. ती इथे लावली तर सव्वासहा कुप्या होतात. सहा! कागदावर साठा पुरेसा, राखीव धरून. आणि त्यात एकाही रुग्णाचा उपचार सुरू होत नाही.

ही पद्धत लसींना उत्तम चालते. बाळे साधारण ठरलेल्या संख्येने जन्मतात, लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. सर्पदंशाची मागणी तशी नसते. महिनोन्‌महिने शून्य, मग एका रात्रीत दहा. अशा तुटक मागणीला सरासरी लावली की फसगत होते, हे जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्येच दाखवले होते. त्यांनी सुचवले, की दोन मागण्यांमधले अंतर वेगळे मोजा आणि मागणी आली तर ती केवढी असते हे वेगळे मोजा. आपल्या बाबतीत अर्थ इतकाच, की कुपी मोजू नका, रुग्ण मोजा. दहा कुप्या म्हणजे एक. सहा कुप्या म्हणजे शून्य.

त्या सहा रुग्णांपैकी चार पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतात असे धरू, म्हणजे महिन्याला सरासरी एक. वापरलेल्या कुप्यांच्या जागी नव्या यायला महिना लागतो. अशा अवचित घटनांसाठी फ्रेंच गणिती प्वासाँ याचे सूत्र वापरतात. त्याने हिशेब केला तर तीन रुग्णांची सोय ठेवल्यास शंभरातले ब्याण्णव रुग्ण भरल्या कपाटाशी येतात, आठ रिकाम्या. चार रुग्णांची, म्हणजे चाळीस कुप्या ठेवल्या तर अठ्ठ्याण्णव.

पण ठेवायच्या तितक्याच, फक्त भरपाई महिन्याऐवजी तीन दिवसांत झाली तर? मग दोन रुग्णांची सोय, म्हणजे वीस कुप्या पुरतात आणि हजारातले नऊशे पंच्याण्णव रुग्ण भरल्या कपाटाशी येतात. निम्मा साठा आणि सोय जास्त. मी हे तीनदा तपासले. कारखान्यात आम्ही रोज हेच करतो, तरी इथे आकडा पाहून दचकलो.

तीन दिवसांत भरपाई करायला जवळ कोणीतरी हवे. अशी दहा केंद्रे धरा आणि त्यांच्यामागे एका ग्रामीण रुग्णालयात सामाईक साठा ठेवा. दहा ठिकाणची मागणी एकत्र आली की चढउतार एकमेकांना थोडेफार झाकतात. त्या सामाईक साठ्याला वरून महिन्याने माल मिळत असला तरी अठरा रुग्णांची सोय, म्हणजे १८० कुप्या तिथे पुरतात. केंद्रांतल्या दोनशे मिळवल्या तर ३८०. प्रत्येक केंद्रात चाळीस ठेवल्या असत्या तर चारशे. एकूण कुप्यांत बचत अशी फारशी नाहीच, हे मान्य केले पाहिजे. फरक पडतो तो रिकाम्या हाताने पुढे जाणाऱ्यांत. शंभरात दोन होते, ते हजारात पाचांच्या आसपास येतात.

काही जण म्हणतात, सगळे ग्रामीण रुग्णालयातच ठेवा, साठा अजून कमी लागेल. गणित त्यांच्या बाजूने आहे, विष नाही. श्रावणातल्या चिखलात जो तास जातो त्याची किंमत मामांच्या मूत्रपिंडांनी मोजली. सिद्धेश्वर काढून येलदरीतूनच थेट कालवा काढण्यासारखे ते आहे.

या विचाराची मुळे जुनी आहेत. अँड्र्यू क्लार्क आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी १९६० मध्ये दाखवले, की साखळीतला कोणताही टप्पा ठरवताना त्याच्या खालचा सगळा साठा एकत्र पाहिला पाहिजे. १९६८ मध्ये, म्हणजे सिद्धेश्वर पूर्ण झाले त्याच वर्षी, क्रेग शेरब्रुक यांनी अमेरिकन हवाई दलाच्या विमानांच्या सुट्या भागांसाठी पद्धत मांडली. महाग भाग, क्वचित लागणारे, पण लागले की विमान जमिनीवर अडकते. काही भाग तळावर ठेवायचे, बाकीचे मध्यवर्ती कोठारात, आणि एक वापरला की लगेच एकाची मागणी वर पाठवायची, महिनाअखेरची वाट पाहायची नाही. घोणसीच्या उपचाराशी हे किती जुळते पाहा.

साधने आपल्याकडे आहेत. राज्याच्या आरोग्य विभागात औषधांच्या साठ्यासाठी सी-डॅकने तयार केलेली 'ई-औषधी' प्रणाली आहे. लसींसाठी 'ईव्हिन' आहे, त्यात शीतपेटीचे तापमानसुद्धा मोबाइलवर दिसते. २०२३ मध्ये खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणही झाले. पण पडद्यावर 'सहा' हिरव्या रंगात दिसला तर पडदा काय करणार? सिद्धेश्वरचा मृतसाठा त्याच्या जिवंत साठ्याहून मोठा आहे. भिंतीवरून पाणी भरपूर दिसते, पण कालव्याच्या दारापर्यंत चढत नाही तोवर ते शिवारात जात नाही. म्हणून पाटबंधारे खाते रोजच्या तक्त्यात जिवंत साठा वेगळा लिहिते. दहाच्या आतल्या कुप्याही तशाच आहेत. त्या वेगळ्या रकान्यात दाखवाव्यात, आणि ज्येष्ठात, पहिल्या पेरणीच्या आधी, साठा वाढवून आश्विन सरल्यावर जादा कुप्या वर परत घ्याव्यात. कालव्याच्या पाळीआधी सिद्धेश्वर भरून घेतातच की.

एक गोष्ट मला सगळ्यात उशिरा दिसली. मामा त्या दवाखान्यात गेले त्या दिवशीची नोंद मी पाहिली होती. प्रतिविष : आरंभी शिल्लक सहा, खर्च शून्य, अखेर शिल्लक सहा. पुढची मागणी मागच्या खर्चावरून ठरणार असेल, तर या पानाप्रमाणे त्या महिन्यात तिथे साप कोणालाच चावला नाही. जिथे साठा अपुरा तिथे खर्च कमी, खर्च कमी म्हणून पुढचा पुरवठा कमी. आमच्या कारखान्यात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले तर ती 'हुकलेली मागणी' म्हणून लिहितो आणि पुढच्या अंदाजात विक्रीइतकीच धरतो. दवाखान्याच्या बाह्यरुग्ण वहीत मामांचे नाव आहे, वेळ आहे, 'पुढे पाठवले' असा शेरा आहे. औषधांच्या वहीत मात्र ते नाहीत. दोन्ही वह्या एकाच टेबलावर होत्या. मी त्या माणसाला विचारले, पुढे पाठवलेल्यांची संख्या मागणीपत्रात लिहिता का? तो म्हणाला, "तसा रकानाच नाही." मग थोडे थांबून त्याने पेन्सिलने समासात एक आडवी रेघ ओढली आणि वर 'परत' असे लिहिले.