प्रश्न नीट विचारावा, मग पुरावा शोधावा

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग कामगारांची संघटना बांधताना आम्ही एक गोष्ट शिकलो. ‘मजुरी परवडत नाही’ ही तक्रार झाली, मागणी नव्हे. कोणत्या कामाची मजुरी, आज किती, हवी किती, कधीपासून, एवढे कागदावर आले म्हणजेच मालकाला उत्तर देणे भाग पडते. रुग्णसेवेचेही असेच आहे, हे मात्र आम्हांला उशिरा कळले.

आमचा एक कामगार कंबरेचे हाड मोडून एका इस्पितळात पडून होता. पडून पडून त्याच्या माकडहाडावर शय्याव्रण झाला. आम्ही तणतणत गेलो. ‘सिस्टर, तुमचे लक्ष का नसते?’ रात्रपाळीला तीस खाटांमागे त्या एकट्याच होत्या. त्या म्हणाल्या, ‘अण्णा, यात प्रश्न नाही, नुसते भांडण आहे. काय केले तर व्रण टळेल, ते विचारा.’

श्रोतेहो, असा प्रश्न चार अंगांचा असतो. रुग्ण कोण? उपाय कोणता? तुलना कशाशी? फळ काय मोजायचे? ही चौकट १९९५ साली वैद्यकात मांडली गेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘पिको’ म्हणतात. आमचा प्रश्न तीत बसला तो असा : अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली, तर चार तासांनी बदलण्यापेक्षा शय्याव्रण कमी होतात काय?

‘पबमेड’ या वैद्यकीय लेखांच्या विनामूल्य सूचीत नुसते ‘शय्याव्रण’ शोधले तर हजारो लेख अंगावर कोसळतात. चारही अंगांचे शब्द घातले की मोजके उरतात. त्यांत २०१३ सालचा एक प्रयोग आहे. अमेरिका व कॅनडातील शुश्रूषागृहांत ९४२ वृद्धांपैकी कोणाची कूस दोन, कोणाची तीन, कोणाची चार तासांनी बदलली. तीन आठवड्यांत व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

मग दोन तासांचा नियम सोडावा काय? थांबा. ते वृद्ध दाट फोमच्या गादीवर होते. आमचा कामगार दबलेल्या काथ्याच्या गादीवर. म्हणजे प्रश्नात गादीही यायला हवी. ती विसरलो तर तिकडचा पुरावा भलत्याच खाटेवर लागू होतो. शिवाय, नवी रीत घालण्याआधी आणि नंतर आपल्याच वॉर्डातील व्रण मोजून पाहावेत. सुधारणा झाली की नाही, ते ही मोजणीच सांगते.

पुढे आम्ही सिस्टरांवर आवाज चढवला नाही. दोघांनी मिळून व्यवस्थापनाकडे अर्ज लिहिला. पहिली मागणी गादीची होती. दुसरी, रात्रपाळीला आणखी एका परिचारिकेची.