घाई झालेला संगणक

पेढीवरचा हिशेबाचा संगणक मंद चालतो. कोणी जाणकार सांगतो, "त्याचे घड्याळ पळवा, नवा घ्यायला नको." यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हे घड्याळ कोणते?

प्रक्रियकातील प्रत्येक पायरी घड्याळाच्या ठोक्यावर पुढे सरकते. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. परंतु ट्रान्झिस्टरला ० चा १ होण्यास थोडा वेळ लागतोच. तेवढ्यात पुढचा ठोका पडला, तर अर्धवट उत्तरच पुढे जाते. मग विद्युतदाब वाढवतात. उष्णता मात्र वारंवारतेच्या आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वारंवारता २० टक्के आणि दाब १० टक्के वाढवला : १.२ × १.१ × १.१, म्हणजे सुमारे १.४५ पट!

मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनी २००५ साली एक गमतीदार अनुभव नोंदवला. काही संगणक 'हा कप्पा शून्य कर' एवढ्या साध्या आज्ञेवर अडून बंद पडत होते. अशी आज्ञा चुकेलच कशी? चौकशी केली, तेव्हा त्यांतील काहींचे घड्याळ पळवलेले निघाले. काही मालकांना तर त्याची कल्पनाही नव्हती. विकणाऱ्यानेच तो उद्योग केला होता.

बंद पडतो तो संगणक तरी परवडला. द्विमान पद्धतीत लिहिलेल्या १,००० मधील ८,१९२ च्या स्थानावरचे शून्य पालटून १ झाले, की हिशेबात ९,१९२ रुपये दिसतात आणि पडद्यावर तक्रार काहीच नाही. उत्पादकाकडे जावे, तर त्याने ज्या वेगाची हमी दिली, तो आपणच ओलांडलेला असतो.